द्यूतातील मूल्यचिन्हे : कवडी, गंजिफा आणि रंगीत चकती

१

पोकर या पाश्चात्त्य पत्त्यांच्या खेळात पैशाऐवजी ज्या वाटोळ्या रंगीत चकत्या मांडतात, त्यांचे दर व रंग हा वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगा विषय वाटत नाही. परंतु या चकतीच्या ठायी नाण्याच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न अगदी उघड्या रूपात दिसतो. चकतीच्या द्रव्याला स्वतःची किंमत जवळजवळ नसते. तरीही ती हाती असणारा मनुष्य आपणास अमुक इतके धन आहे असे निःशंकपणे मानतो. ही किंमत तिच्यात येते कोठून ? रंगातून, गणतीच्या प्रमाणातून, की ती चकती देणाऱ्याच्या शब्दातून ? महाराष्ट्रात, विशेषतः नागपूरकर भोसल्यांच्या राज्याच्या इतिहासात, या प्रश्नाचे उत्तर देणारी सामग्री आहे. तिच्या साहाय्याने या तीन घटकांचे परस्परांतील स्थान निश्चित करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम चकत्यांची व्यवस्था समजून घेऊ. पोकरचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, रूढ झाला. आरंभी नाणी, सोन्याची पूड, हाडाचे वा हस्तिदंताचे तुकडे असे जे हाती येईल ते पणाला लागे. त्या शतकाच्या उत्तरार्धात माती व इतर द्रव्यांच्या मिश्रणाच्या एकसारख्या चकत्या तयार होऊ लागल्या आणि रंगाला अर्थ आला. घरगुती खेळात तीनच रंग पुरत : पांढरी चकती १ ची, तांबडी ५ ची व निळी १० ची. निळी सर्वांत मोलाची. शेअर बाजारातील भरवशाच्या समभागांना 'ब्लू चिप' म्हणण्याची प्रथा १९२० च्या दशकात अमेरिकेत पडली, तिचे मूळ या निळ्या चकतीत आहे. मोठ्या द्यूतगृहांत पांढरी १ डॉलरची, तांबडी ५ ची, हिरवी २५ ची, काळी १०० ची व जांभळी ५०० ची असा क्रम सामान्यतः आढळतो. हजाराची चकती कोठे पिवळी, कोठे नारिंगी. न्यू जर्सी राज्याने हे रंग नियमांनी बांधून दिले, तर नेव्हाडा राज्यात ते मुख्यत्वे प्रघातावर चालतात. म्हणजे हा क्रम सार्वत्रिक कायदा नव्हे. तो संकेत आहे.

रंगांपेक्षा दरांमधील प्रमाण अधिक विचारपूर्वक ठरलेले दिसते. १, ५, २५, १०० या श्रेणीत प्रत्येक पायरी मागील पायरीच्या पाचपट वा चौपट आहे. अशा श्रेणीत ९९ ही रक्कम तीन हिरव्या, चार तांबड्या व चार पांढऱ्या अशा ११ चकत्यांत भागते, आणि शंभराच्या आतील कोणत्याही रकमेस याहून अधिक चकत्या लागत नाहीत. पायऱ्या विरळ ठेवल्या तर सुटे मोजण्याचा त्रास वाढतो, दाट ठेवल्या तर रंग ओळखण्याचा. आपल्या जुन्या चलनातही हाच विचार होता. चार पैशांचा आणा व सोळा आण्यांचा रुपया एवढ्या दोनच पायऱ्या असत्या तर पंधरा आणे तीन पैसे देण्यास १८ नाणी लागली असती. चवली, पावली व अधेली मध्ये आल्यामुळे ती रक्कम सात नाण्यांत बसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येईपर्यंत हा हिशेब आपल्या बाजारात तोंडपाठ होता. चकत्यांचे गणित त्याहून निराळे नाही. निराळी आहे ती रंगाची योजना; तिच्याकडे आता वळू.

३

खेळाच्या साधनांत रंगाचा उपयोग तीन निरनिराळ्या अर्थांनी होतो, आणि हे तीन अर्थ वेगळे न केल्यास घोटाळा होतो.

पहिला अर्थ स्वामित्वाचा. सारीपाटावर चार रंगांच्या सोळा सोंगट्या असतात. तेथे तांबडी सोंगटी हिरव्या सोंगटीहून श्रेष्ठ नसते. रंग केवळ ती कोणाची एवढेच सांगतो.

दुसरा अर्थ वर्गाचा. याचे उत्तम उदाहरण गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. पुढे हा खेळ दक्षिणेत पसरला आणि दहा अवतारांच्या १२० पानांची दशावतारी गंजिफा सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी विशेष नावारूपास आणली. (सावंतवाडीकर भोसले व नागपूरकर भोसले ही दोन भिन्न घराणी होत, हे येथे ध्यानात ठेवावे.) प्रत्येक अवताराच्या पानांना स्वतंत्र पार्श्वरंग असतो, परंतु हा रंग बनविणाऱ्यागणिक बदलू शकतो, मोलाचा निर्देश त्याने होत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मोगली पद्धतीची आठ वर्गांची, ९६ पानांची गंजिफा. तिच्यातील दोन वर्गांची नावेच रंगांची आहेत : 'सफेद' म्हणजे रुप्याचे नाणे व 'सुर्ख', म्हणजे तांबडे, हे सोन्याचे नाणे. तिसरा वर्ग 'बरात'. हाच शब्द मराठी कागदपत्रांत 'वरात' या रूपाने येतो. त्याचा अर्थ वसुलावर दिलेली रक्कम-चिठ्ठी असा असून लग्नातील वरातीशी त्याचा संबंध नाही. चौथा 'किमाश', म्हणजे माल. अर्थात अर्धा गंजिफा हा खजिन्याचाच व्यवहार होय. पांढऱ्याने रुपे व तांबड्याने सोने दर्शविण्याची ही योजना रंगीत चकतीची पूर्वपीठिका आहे असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु खेळाचे नियम पाहिले म्हणजे तो आवरावा लागतो. सफेद हा सबळ वर्गांपैकी असल्याने त्यात दश्शी मोठी व एक्का लहान. सुर्ख हा दुर्बल वर्गांपैकी असल्याने त्यात क्रम उलटा, एक्का मोठा व दश्शी लहान. बाजारात दहा मोहरा एका मोहरेहून अधिक. खेळात मात्र एक दहांवर मात करते. शिवाय दिवसा खेळावयास बसल्यास सुर्खचा राजा ज्याच्या हाती त्याने आरंभ करावयाचा, रात्री सफेदचा राजा ज्याच्या हाती त्याने. तेव्हा रंग येथे नाण्याची आठवण देतो, नाण्याची किंमत देत नाही. किंमत नियम देतो.

तिसरा अर्थ परिमाणाचा; तो पोकरच्या चकतीत पूर्णत्वास गेला. रंग म्हणजे येथे गणतीचा संक्षेप होय. पाच वेळा मोजण्याऐवजी एकदा पाहणे, एवढेच त्याचे कार्य. चिन्हाचे हे कार्य आकारानेही होऊ शकते. अठराव्या शतकात चीनमधील कँटन येथे युरोपीय गिऱ्हाइकांसाठी शिंपल्यांचे जे गणनाखंड कोरले जात, त्यांत वाटोळा, लांबट व माशाच्या आकाराचा अशा भेदांवरून दर ओळखीत. रंग हा अपरिहार्य नाही, सोयीचा आहे.

४

रंग व आकार या दोन्ही भेदांवाचून मूल्यचिन्ह चालविण्याचा प्रयोग आपल्याकडे शतकानुशतके झाला. ते चिन्ह म्हणजे कवडी. ती मालदीव बेटांतून बंगाल-ओरिसाच्या बंदरांत येई व तेथून आत पसरे. कवडी एकाच वेळी फासाही होती व नाणेही. पच्चिशीत कवड्या टाकून, किती उताण्या व किती पालथ्या पडल्या यावरून दान मोजतात, आणि २५ च्या दानावरूनच त्या खेळास नाव मिळाले. बाजारात मात्र तिची नुसती गणती : चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा कहाण. एका कहाणात १२८० कवड्या. येथे पायऱ्यांना नावे आहेत, पण पायरीसाठी वेगळी वस्तू नाही. पण म्हणजे ऐंशी कवड्यांचा ढीगच. त्याचे काम करणारी एखादी रंगीत कवडी नाही. रुपयास ४ कहाण या दराने एका रुपयासाठी ५१२० कवड्या मोजाव्या लागत. ज्या गैरसोयीवर चकतीचा रंग हा उपाय आहे, ती गैरसोय येथे पूर्णपणे प्रकट होते.

आता या गणतीचा राजकीय भाग पाहू. भंडारा जिल्ह्यातील करडी, मोहाडी, तुमसर हा वैनगंगेचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या पूर्व टोकास १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसाचा मुलूख होता. वैनगंगाकाठचा हिशेब रुपया-पैशाचा, तर कटकेकडील जमाबंदी कहाणांची. एकाच सत्तेखाली दोन प्रकारची मूल्यचिन्हे चालत होती, आणि दुसरे चालत होते ते सरकार वसुलात कवडी स्वीकारीत होते म्हणून. रयतेच्या घरातील कवड्यांचा ढीग हे धन होते, कारण कचेरीत तो घेतला जाई.

१७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांस दिला. नव्या सरकारने वसूल रुपयांत मागितला. कवडी तीच, तिचा आकार व शुभ्रता तीच, गंडा-पणाचे प्रमाणही तेच. परंतु घेणारा बदलला. रुपयास ४ कहाण हा दर बाजारात टिकला नाही. एका रुपयासाठी अधिकाधिक कवड्या मोजाव्या लागू लागल्या. शेतकऱ्याच्या देण्याचा आकडा कागदावर तोच राहून त्याच्या घरातील धन मात्र आटत गेले. १८१७ साली बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली खुर्द्यास झालेल्या पाइकांच्या उठावाची जी कारणे अभ्यासकांनी दिली आहेत, त्यांत जमिनी हिरावल्या जाणे व मिठाची महागाई यांबरोबर कवडीच्या या पतनाचाही समावेश होतो. द्यूतगृहाने आपल्याच चकत्या परत घेण्याचे नाकारावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे कोणीही स्वखुशीने खेळावयास बसलेले नव्हते.

५

चिन्हाची किंमत ते देणाऱ्या-घेणाऱ्याच्या हाती असते, हे प्राचीन राज्यशास्त्रासही अवगत होते. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने द्यूत एकाच ठिकाणी चालवावे, काकणी व फासे त्यानेच पुरवावेत, त्यांचे भाडे घ्यावे आणि जिंकलेल्या द्रव्याचे शेकडा पाच वसूल करावेत असे सांगितले आहे. दिलेल्या काकणी वा फासे बदलून दुसरे वापरणाऱ्यास १२ पण दंड आहे. खेळाचे साधन एकाच हातून यावे हा आग्रह केवळ लबाडी रोखण्यापुरता नाही. त्यावरच अध्यक्षाचा वसूल अवलंबून आहे.

आधुनिक कायद्याची वाटचाल याच मुद्द्याभोवती फिरते. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने, जो मध्यप्रांतासही लागू होता, पत्ते, फासे, पट व इतर साधने नफ्यासाठी बाळगणाऱ्या घरास 'जुगारघर' ठरविले. तेथे साधन हाच दोषाचा पुरावा. महाराष्ट्रात १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची परंपरा चालू राहिली. १९७६ साली राज्याने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयी कायदा केला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. गोव्याने मात्र १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व नंतर जहाजांवरील खेळांना वाट दिली.

कराच्या बाबतीत तर चकतीला विधिग्रंथात स्वतःचे स्थान मिळाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमानुसार कॅसिनोतील व्यवहाराचे मूल्य म्हणजे खेळणाऱ्याने चकत्या, टोकन इत्यादी घेण्यासाठी दिलेली रक्कम. उरलेल्या चकत्या परत करून पैसे घेतले तरी ती रक्कम त्यातून वजा होत नाही, आणि जिंकलेल्या रकमेवर पुन्हा खेळल्यास नव्याने मूल्य धरले जात नाही. याचा अर्थ असा की मेजावर चकती कितीदा हिंडली, कोणाची झाली, याच्याशी शासनाला कर्तव्य नाही. रुपयाचे चिन्हात रूपांतर होते तो उंबरठाच त्याने पाहिला आहे. कौटिल्याचा अध्यक्ष जिंकणाऱ्याकडून घेत असे. आजचा नियम आत येणाऱ्याकडून घेतो. वसुलाची जागा बदलली असली तरी चिन्हावर नजर ठेवण्याचे धोरण तेच आहे.

६

वरील विवेचनावरून तीन घटकांची पायरी ठरविता येते. रंग हा चिन्हाचा सर्वांत वरचा थर. तो बदलला तरी फारसे बिघडत नाही, कारण तो वाचनाची सोय आहे. दरांचे प्रमाण त्याखालचे. ते चुकले तर व्यवहार अवघड होतो, पण थांबत नाही. मूळ पाया तिसरा, म्हणजे ते चिन्ह परत स्वीकारण्याचे वचन. तो ढासळला की रंग व प्रमाण जसेच्या तसे राहूनही चिन्ह निर्जीव होते. नाण्यांच्या अभ्यासात आपण धातू, वजन व ठसा यांच्या नोंदी काळजीपूर्वक करतो. ते चलन कोणत्या कचेरीत, कोणत्या दराने व कोठवर घेतले जाई याच्याही नोंदी तितक्याच काळजीने जमविल्या पाहिजेत. भोसलेकालीन जमाखर्चाचे कागद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत.

भाषेने हा अनुभव आपल्यापुरता जपून ठेवला आहे. 'कवडीचुंबक' या शब्दात कवडी अजून जपण्याजोगे धन आहे. 'कवडीमोल' या शब्दात तिची किंमत संपलेली आहे. एकाच वस्तूविषयीचे हे दोन शब्द म्हणजे तिच्या इतिहासाची दोन टोके होत. भंडाऱ्याच्या बाजारात धानाचा भाव पडला की शेतकरी आजही 'कवडीमोल' हाच शब्द योजतो. मालात काही उणे आले असे त्याला म्हणावयाचे नसते. घेणाऱ्याने दर पाडला, एवढेच तो सांगत असतो.