मॅक्नॉटनचा खटला

वेडाच्या भरात एखाद्याच्या हातून मनुष्यवध घडला, तर त्यास शासन करावे किंवा कसे, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडील न्यायालये आज त्यास जे उत्तर देतात, त्याचे मूळ मात्र १८४३ सालच्या एका इंग्रजी खटल्यात सापडते. सबब त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या वर्षी २० जानेवारीस लंडन शहरी, चेअरिंग क्रॉसनजीक, डॅनिअल मॅक्नॉटन नावाच्या एका तरुणाने एडवर्ड ड्रमंड या गृहस्थांवर पाठीमागून पिस्तूल झाडले. ड्रमंड हे मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस. मारेकऱ्याने त्यांनाच पील समजून गोळी घातली, असे मानतात. पाच दिवसांनी ड्रमंड वारले. त्या बिचाऱ्यांचा अपराध तो कोणता?

मॅक्नॉटन हा ग्लासगोचा कातारी. कष्टाळू, चार पैसे गाठीस बांधलेला, तिशीच्या आसपासचा. परंतु टोरी पक्षाचे लोक रात्रंदिवस आपल्या पाळतीवर असून ते आपल्या जिवावर उठले आहेत, या भ्रमाने त्यास ग्रासले होते. मार्च महिन्यात खटला उभा राहिला. आरोपीच्या बाजूने कॉकबर्न यांनी भाषण केले, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि वेडाच्या कारणास्तव ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. तथापि निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे. तो प्रथम बेथलेमच्या व १८६४ साली ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला, आणि पुढच्याच वर्षी तेथे मरण पावला.

निकालाने मोठा गहजब झाला. १८४० साली राणी व्हिक्टोरियावर पिस्तूल झाडणारा अठरा वर्षांचा एडवर्ड ऑक्सफर्डही वेडा म्हणून असाच फाशीवाचून सुटला होता. तेव्हा राणीसाहेबांचा रोष समजण्यासारखा आहे. अखेर लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांस प्रश्न घातले. त्यांच्या उत्तरांतून नियम निघाला तो असा : मनोविकारामुळे आपण काय करीत आहो हे, किंवा ते वाईट आहे हे, कृत्याच्या वेळी ज्यास कळत नव्हते, तो दोषी नव्हे. हेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात आले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमातही ते कायम आहे. गंमत अशी की, हा नियम कठोरपणे लावला असता, तर खुद्द मॅक्नॉटन सुटता ना, असे पुष्कळ जाणत्यांचे मत आहे. कारण आपण माणूस मारीत आहो, एवढे त्यास खचित कळत होते.

परंतु आमच्या मनास याहून दुसरीच गोष्ट लागून राहिली. कायदा पाहतो तो एक क्षण, पिस्तूल झाडण्याचा. त्याआधी काय झाले? हाच मॅक्नॉटन आपल्या बापाकडे गेला होता, ग्लासगोच्या पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला होता. माझे रक्षण करा, असे विनवीत होता. याचे डोके फिरले आहे, हे ऐकणाऱ्यांस उमगले. पण समजूत घालून त्यास वाटेस लावण्यापलीकडे काही झाले नाही.

असले विकार बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतात. अशा रोग्यांपैकी बहुतेक जण कोणासही इजा करीत नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांना भिऊन वागणे हा अन्यायच होय. आज औषधे आहेत, डॉक्टर आहेत. तरीही लोक काय म्हणतील, धाकटीचे लग्न कसे जमेल, या धास्तीने कित्येक सुशिक्षित घरांत मुलाचे बरळणे दाराआड झाकले जाते. आरोपीस कळत होते काय, हे न्यायाधीशाने अवश्य विचारावे. आम्हांस कळत होते काय, हा प्रश्न मात्र ज्याने त्याने आपल्या घरी, वेळ गेली नाही तोवर, विचारावयाचा आहे.