गौलीगुड्याच्या अड्ड्यापासून इमलीबनच्या मेट्रोपर्यंत

हैदराबादच्या मराठी समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा संस्थांपासून सुरुवात करतो. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी, सुलतान बाजार परिसरातली ग्रंथालये, नाट्यप्रयोग, गणेशोत्सव. ते योग्यच आहे. पण या संस्थांत येणारी माणसे शहरात पोहोचली कशी आणि गावाकडचे नाते त्यांनी टिकवले कसे, हा इतिहास रेल्वे स्टेशनावर आणि बसच्या अड्ड्यावर लिहिलेला आहे. तो मात्र आपण फारसा वाचलेला नाही.

आधी रेल्वे आली. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मराठवाड्याची मोठी गावे त्यामुळे राजधानीला थेट जोडली गेली. १९१६ साली काचीगुड्याचे देखणे स्टेशन उभे राहिले आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने तेच हैदराबादचे दार ठरले. उच्च न्यायालय इथे, वैद्यकीय शिक्षण इथे, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही इथेच. औरंगाबादला विद्यापीठ निघाले ते थेट १९५८ साली. तोवर वकील, डॉक्टर किंवा प्राध्यापक व्हायचे ठरवलेल्या मराठवाड्यातल्या मुलाची ट्रंक काचीगुड्यालाच उतरायची.

पण रेल्वे सगळीकडे नव्हती. बीड जिल्ह्याच्या ठिकाणी तर पुढची कित्येक दशके रुळ पोहोचले नाहीत. आडवळणाच्या तालुक्यांतून स्टेशन गाठणे हाच मोठा प्रवास होता. ही अडचण ओळखून निजाम सरकारने जे केले, ते आजही विचार करण्यासारखे आहे. १९३० साली सरकारने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेचा रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. त्या काळी खासगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवतात, अशी तक्रार जगभर होत होती. इथे रेल्वेने स्वतःच बस चालवायला घेतली. बस आणि रेल्वे एकमेकींच्या सवती न राहता एकाच घरच्या झाल्या. बसच्या नंबरात असलेले ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे सांगतात. ते अक्षर पुढेही सरकारी बसच्या पाटीवर टिकून राहिले.

या बसव्यवस्थेचे जुन्या पिढीला आठवणारे ठिकाण म्हणजे गौलीगुडा. मुळात विमानांसाठी बनवलेला लोखंडी पत्र्यांचा प्रचंड अर्धगोल हँगर तिथे बसस्थानक म्हणून वापरात आला. ‘मिसिसिपी हँगर’ हे त्याचे नाव. आत शिरले की डोक्यावर एकही खांब नसलेले ते अवाढव्य छप्पर! आपल्यातल्या कितीतरी घरांत दिवाळीचा, लग्नसराईचा प्रवास त्याच छपराखाली सुरू झाला.

मग काळ बदलला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० साली रेल्वे केंद्र सरकारकडे गेली, १९५१ साली बसविभाग राज्य सरकारकडे गेला आणि जानेवारी १९५८ मध्ये त्याचे आंध्र प्रदेश मार्ग परिवहन महामंडळ झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे आवश्यकच होते, पण रेल्वे आणि बस यांची एका घरातली नांदणूक तेव्हा संपली. मध्येच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपल्याही घराची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इथे राहिलो. एका भावाचे राज्य वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. कालपर्यंतचा जिल्ह्यातला प्रवास एका रात्रीत परराज्याचा झाला. त्यानंतर माहेर-सासर, सोयरिकी, शेतीचे वाटे, कुलदैवताचे दर्शन हे सारे गाडीच्या आणि बसच्या वेळापत्रकावर चालू राहिले.

१९९४ साली मुसी नदीच्या पात्रातल्या बेटावर, म्हणजे इमलीबनला, महात्मा गांधी बसस्थानक सुरू झाले. लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या, गौलीगुड्याचा हँगर शहर बससेवेसाठी राहिला. जुलै २०१८ मध्ये तो हँगर कोसळला. आधीच रिकामा केलेला असल्याने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आत, २४ सप्टेंबर २०१८ रोजी, अमीरपेठ ते एल. बी. नगर मेट्रो सुरू झाली आणि इमलीबनला मेट्रोचे स्टेशन मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये जुबिली बसस्थानकाकडून, सुलतान बाजारावरून येणारा दुसरा मार्गही तिथेच येऊन मिळाला. आता नांदेड-लातूरकडून आलेल्या लाल एसटीतून उतरावे आणि चार पावलांवर मेट्रो धरावी. रुळ आणि रस्ता यांची १९५१ साली झालेली ताटातूट अशी सदुसष्ट वर्षांनी मिटली.

मिटली, पण अर्धीच. आपले जुने दार, काचीगुडा, या जोडणीच्या बाहेर राहिले आहे. सिकंदराबाद आणि नामपल्ली या रेल्वेस्थानकांच्या शेजारी मेट्रो आहे, काचीगुड्याच्या दारात नाही. मनमाडकडच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्या म्हाताऱ्या आत्याला किंवा मावशीला आजही सामान सांभाळत ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागते. इमलीबनपासून जुन्या शहरातून चांद्रायणगुट्ट्यापर्यंत जाणाऱ्या मेट्रोची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. ती हवीच आहे. त्याबरोबर काचीगुडा ते इमलीबन अशी वेळेवर, गाड्यांच्या वेळा पाहून सुटणारी एखादी छोटी बससेवा मागणे काही जगावेगळे नाही. नव्वद वर्षांपूर्वी २७ बसगाड्यांनिशी याच शहराने ते करून दाखवले होते.

आम्हाला निजामी राजवटीचे गोडवे गायचे नाहीत. त्या राजवटीत आपल्या वडीलधाऱ्यांनी काय सोसले, ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण चांगली कल्पना कुणाची होती, यापेक्षा ती आपण मोडू दिली की जपली, हे महत्त्वाचे. इथला मराठी माणूस दोन राज्यांच्या मधल्या वाटेवर जगत आला आहे. ती वाट नीट राहिली, तरच पुढच्या पिढीला आजोळ हे नुसते नाव न राहता जाता-येता येईल असे गाव राहील.