वाशिममध्ये थोडीच, पण मोठी पोस्टर्स स्वस्तात कशी छापायची?

गावात आरोग्य शिबिर आहे, बचत गटाचे विक्री प्रदर्शन आहे किंवा वाचनालयाची व्याख्यानमाला आहे. पोस्टर्स हवीत पंचवीस-तीस, आणि लांबून वाचता येतील एवढी मोठी. हजार प्रती हव्या असतील तर छापखाना आहे, एकच हवी असेल तर फ्लेक्सचे दुकान आहे. पंचाईत होते ती मधल्या आकड्याची.

अशा वेळी बहुतेक जण दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात : चौरस फुटाला काय भाव? त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारले तर पैसे वाचतात. प्रती किती, लावायच्या कुठे आणि टिकायला हव्यात किती दिवस?

पैसे जातात कुठे?

ऑफसेट छपाईत रंगीत पोस्टरसाठी चार प्लेटा कराव्या लागतात. मशीन लावणे, रंग जुळवणे आणि त्यात काही कागद वाया जाणे हा खर्च पहिली चांगली प्रत निघण्याआधीच होतो. तो तीस प्रतींना जेवढा, तेवढाच हजाराला. फ्लेक्सच्या मशीनला प्लेट लागत नाही, त्यामुळे तिथे पहिली प्रत आणि तिसावी प्रत सारख्याच भावात पडते.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. हे कोणत्याही दुकानाचे दर नव्हेत. पोस्टर २० बाय ३० इंचांचे, म्हणजे साधारण सव्वाचार चौरस फूट. फ्लेक्स १२ रुपये चौरस फूट धरला तर एक प्रत ५० रुपयांना. ऑफसेटचा सुरुवातीचा खर्च ४,००० रुपये आणि पुढे प्रत्येक प्रतीला कागद-शाईचे ८ रुपये धरा. तीस प्रतींना फ्लेक्सचे १,५०० होतात, ऑफसेटचे ४,२४०. दोन्ही खर्च सारखे होतात ते ९५ प्रतींच्या आसपास. त्यापुढे ऑफसेट स्वस्त. तुमच्या गावातले खरे दर या हिशेबात घाला, म्हणजे तुमचा आकडा निघेल. लग्नसराईत आणि निवडणुकीच्या काळात छापखाने भरलेले असतात, तेव्हा छोटे काम मागे पडते हेही धरून चाला.

एक जुनी सर्कशीची युक्ती इथे कामाला येते. कार्यक्रम तोच, पण गावोगावी फिरणार असेल तर तारीख आणि ठिकाणाची जागा कोरी ठेवून सगळ्या गावांची पोस्टर्स एकदम छापून घ्यायची. कोऱ्या जागेत जाड मार्करने लिहायचे. पाच गावांची वीस-वीस मिळून शंभर होतात आणि ऑफसेट परवडायला लागते.

फ्लेक्स घेताना रोलची रुंदी विचारा

फ्लेक्सचे रोल ठरावीक रुंदीत येतात : ३, ४, ५, ६, ८, १० फूट. तुमचे पोस्टर अडीच फूट रुंद असेल आणि ते तीन फुटी रोलवर निघाले, तर उरलेल्या अर्ध्या फुटाचे पैसे बहुधा तुमच्याच बिलात येतात. वरच्या उदाहरणातली ३० इंचांची बाजू आडवी धरून दोन पोस्टर्स शेजारी लावली की बरोबर पाच फूट होतात, वाया काहीच जात नाही. म्हणून आकार ठरवायच्या आधी दुकानात कोणते रोल आहेत ते विचारा, आणि सगळी पोस्टर्स एकाच फाइलमध्ये मांडून द्या. कापायचे काम घरी कात्रीने होते. रिंगा आणि लाकडी पट्ट्यांचे पैसे वेगळे लागतात का, तेही आधीच विचारलेले बरे.

मात्र फ्लेक्स उन्हापावसात टिकतो म्हणून दोन दिवसांच्या कार्यक्रमालाही तोच वापरावा, हे मला पटत नाही. कार्यक्रम संपल्यावर तो सोयाबीनच्या गंजीवर झाकायला जातो ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, नाहीतर नालीत. १ जुलै २०२२ पासून देशभरात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर बंदी आहे. फार स्वस्त दर सांगितला तर जाडी विचाराच.

कागदाचे तीन मार्ग

पहिला : डिजिटल प्रिंटच्या दुकानात तेरा बाय एकोणीसचा कागद चालतो, त्यावर बारा बाय अठरा इंचांची रंगीत छपाई मिळते. असे चार कागद जोडले की नेमके दोन बाय तीन फुटांचे पोस्टर तयार. सांधा चेहऱ्यावरून किंवा तारखेवरून जाणार नाही अशी मांडणी करा. घरचा किंवा शाळेचा प्रिंटर असेल तर अॅक्रोबॅट रीडरमध्ये छापताना ‘पोस्टर’ हा पर्याय निवडा. तो मोठे पान आपोआप तुकड्यांत छापतो. ए-४ चे आठ कागद मिळून ए-१ होतो, सोळा मिळून ए-०.

दुसरा मार्ग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट घरांचे नकाशे जिथे काढून घेतात, त्या प्लॉटरवर ए-१ किंवा ए-० आकाराची काळी-पांढरी प्रत अखंड कागदावर निघते. विज्ञान प्रदर्शन, ग्रामसभेतला गावनकाशा, रेषाचित्रे यांसाठी हे उत्तम. मोठे काळे पट्टे मात्र टाळा. रंग हवा तर नंतर हाताने भरा.

तिसरा स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे ही सोय असते. पन्नास ते शंभर प्रती आणि एक रंग असेल तर रंगीत कागदावर फार देखणे काम होते. प्रत्येक वाढीव रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून दोन रंगांवर थांबा. पत्रिकेची चौकट लहान असते, तेव्हा त्यांच्याकडची सर्वांत मोठी चौकट केवढी हे आधी विचारा. हेच काम कापडावरही होते.

मराठी अक्षरे बिघडू नयेत म्हणून

पैसे वाया जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता. दुकानातल्या संगणकावर कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट असू शकतात. मग वेलांटी उलट्या बाजूला जाते, जोडाक्षरे सुटतात, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक पुसला जातो. उपाय सोपा आहे : मजकूर आपल्याकडेच पक्का करून फॉन्ट समाविष्ट असलेली पीडीएफ द्या, किंवा अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून द्या. मुक्ता आणि बलू हे मोफत युनिकोड फॉन्ट पोस्टरला चांगले दिसतात.

फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जवळून वाचायच्या पोस्टरला प्रत्यक्ष आकारात १५० ते २०० डीपीआय हवे. दहा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला ७२ ते १०० पुरते. आणि तीसही प्रती काढण्याआधी एक प्रत काढून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, विशेषतः नावे, वार आणि तारीख.

अकोला-अमरावती गाठावे का?

वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, रेल्वेनेही जाता येते. कारंजाकरांना अमरावती सोयीची. मोठ्या शहरात दर कमी मिळाला तरी तीस पोस्टर्सच्या बिलात वाचलेले पैसे जाण्या-येण्यात आणि बुडालेल्या दिवसात संपतात. मोठ्या आकाराचे ऑफसेट, चांगला कागद किंवा शेकड्यांनी प्रती हव्या असतील तरच तो प्रवास परवडतो. माल घडी न घालता गुंडाळूनच आणा. कागदाला पडलेली घडी भिंतीवरही दिसते.

लावण्याआधी

कागदी पोस्टरला मैद्याची खळ अजूनही स्वस्त आणि पुरेशी. पण सार्वजनिक भिंतीवर किंवा खांबावर विनापरवानगी चिकटवले तर महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा, १९९५ लागू होतो. गावात ग्रामपंचायतीची, शहरात नगर परिषदेची आणि खासगी भिंत असेल तर मालकाची परवानगी घ्या. पोस्टर निवडणुकीचे असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते छापावेच लागतात, आणि छपाईआधी प्रकाशकाला दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेले सहीचे घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यावे लागते.