घाटापलीकडच्या तबकड्या

मुरबाडहून माळशेज घाट चढून नारायणगावकडे वळले की पुढे खोडदला या तबकड्या दिसतात. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. जवळ जाऊन पाहावे: पत्रा कुठेच नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी मात्र जाळीवरून परततात. दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळतात तेव्हा उठणारी अतिमंद रेडिओ आभा टिपायला याच लांब लहरी लागतात. इथल्याच सर्वेक्षणातून 2018 साली सुमारे 12 अब्ज प्रकाशवर्षे दूरची रेडिओ दीर्घिका हाती लागली, तोवर माहीत असलेल्यांत सर्वांत दूरची.