स्लीपर, सागवान आणि सगळ्यात स्वस्त टेंडर

परतवाड्याहून सेमाडोहला जाताना दोन्ही बाजूंनी सागवान लागतो. असं जंगल राखायचं सरकारला सुचलं ते वाघासाठी नाही. मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प 1974 चा. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीचं कारण होतं खरेदी.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे धावली. रुळाखाली लाकडी स्लीपर लागायचे. ते कुजायचे, की परत नवे. जंगलं संपायला लागली तेव्हा 1864 मध्ये ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसाच्या हाताखाली वनखातं उभं राहिलं. लाकूड वाचलं, पण जंगलात राहणारा माणूस परका झाला. बांबूवरचा त्याचा हक्क कायद्यानं मान्य व्हायला 2006 उजाडलं.

म्हणजे सरकार काय विकत घेतं, त्यावर जंगलाचं नशीब ठरतं. पण केंद्राचं सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आलं अन् 2014 मध्ये बारगळलं. 2017 च्या वित्तीय नियमांत विजेच्या उपकरणांचं स्टार रेटिंग बघा म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी 'सगळ्यात कमी दर' हाच देव.

इकडं मेळघाटातच लवाद्याला कोरकू कारागीर बांबूचं फर्निचर बनवतात. कमी दराच्या टेंडरात मात्र प्लॅस्टिकची खुर्ची जिंकते. ती दोन वर्षांत मोडली की परत टेंडर. स्लीपरसारखंच!

वस्तू किती वर्षं टिकेल, कुठून आली, मोडल्यावर कुठं जाईल, हे तीन प्रश्न टेंडरात यायला पाहिजेत. तुमच्या ग्रामपंचायतीचं पुढचं टेंडर निघालं की एकदा वाचा. अन् विचारा.