वरातीमागून घोडं

परवा लंचला आमच्या टीममधल्या एका इंग्रज मुलीने मला विचारलं, "दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायचाय. गाडी कुठली घेऊ?" मी इथे इंग्लंडमध्ये ऑनसाइट, डिग्री मेकॅनिकलची, त्यामुळे मला गाड्यांतलं सगळं कळतं असा टीममध्ये एक गोड गैरसमज आहे. घोड्यांशी माझा संबंध मात्र माथेरानच्या दस्तुरी नाक्यापुरता. तरीही छाती पुढे काढून सांगितलं, "सोप्पंय. जास्तीत जास्त हॉर्सपॉवरची घे."

ती म्हणाली, "ओढतील त्या खूप आहेत. थांबवेल कुठली, ते विचारतेय."

मंडळी, चारचौघांत विकेट गेली. मग अख्खा शनिवार-रविवार या एकाच प्रश्नात घालवला. आणि जे हाती लागलं ती गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांची निघाली.

मुळात घोड्याला गाडीत घालून न्यायचं, हीच कल्पना एके काळी वेडेपणाची वाटायची. देवाने चार पाय दिलेत, चालेल की! शर्यतीचे घोडेसुद्धा एका गावाहून दुसऱ्या गावाला साधारणपणे चालतच जायचे. दिवसाला पंधरा-वीस मैल. म्हणजे लांबची शर्यत असली की आधी दोन आठवडे पायपीट.

१८३६ साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने या हिशेबालाच सुरुंग लावला. (हा आपल्या सतीबंदीवाल्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा सख्खा पुतण्या.) त्याचा 'एलिस' नावाचा घोडा दक्षिणेत गुडवुडला होता, आणि सेंट लेजरची शर्यत उत्तरेत डॉन्कास्टरला. अंतर सुमारे २५० मैल, म्हणजे पुणे-पणजीपेक्षा थोडंसंच कमी. शर्यत तोंडावर आली तरी एलिस गुडवुडलाच! आता हा कसला पोचतोय, असं म्हणून बुकींनी त्याचा भाव वाढवून ठेवला. बेंटिंकला तेच हवं होतं. त्याने आतून गादीसारखं अस्तर लावलेली एक बंद गाडी बनवून घेतली होती. तिला सहा घोडे जुंपले. एलिसला सोबत म्हणून आत आणखी एक घोडा उभा केला. दिवसाला सुमारे ८० मैल, वाटेत लिचफील्डला पाय मोकळे करायला एक दौड, आणि एलिस ताजातवाना डॉन्कास्टरला हजर. शर्यत त्यानेच जिंकली.

घोड्याला न्यायला सहा घोडे! हसू येतं खरं. पण त्या सहा घोड्यांकडे एक गोष्ट होती जी आजच्या गाडीकडे नाही. ओढणारा घोडा मागचा भार अंगावर आला की स्वतः मागे रेटतो, पाय रोवतो. ओढणं आणि थांबवणं ही दोन्ही कामं एकच जनावर करतं. जेम्स वॉटच्या 'हॉर्सपॉवर'मध्ये आपण त्यातलं फक्त ओढणं मोजलं आणि थांबवणं विसरलो. माझं लंचचं उत्तर याच परंपरेतलं.

नंतर रेल्वे आली. घोड्यांचे खास डबे पॅसेंजर गाड्यांना जोडले जाऊ लागले, बरोबरच्या मोतद्दारासाठी त्यातच बसायची जागा. ब्रेकची चिंता रेल्वेची, मालकाने फक्त तिकीट काढायचं. पण पुढे मोटारी आल्या, आणि १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तर खेड्यापाड्यांतली स्टेशनं धडाधड बंद झाली. घोडा न्यायची जबाबदारी मालकाच्या गाडीवर येऊन पडली.

गाडी तोवर तयार होती. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर दिसली. १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ५० अश्वशक्ती, आणि पोलादाची टंचाई म्हणून ॲल्युमिनियमचं अंग. शेतातल्या चिखलातून ट्रेलर बाहेर काढायला उत्तम. पण १९५८ मध्ये प्रेस्टनजवळ इंग्लंडचा पहिला मोटरवे सुरू झाला, वेग वाढले, आणि घोडं पेंड खायला लागलं.

का, ते बघा. (गणित आवडत नसेल त्यांनी एक परिच्छेद खाली उडी मारावी.) रिकामा ट्रेलर ९०० किलो धरा. ५५० किलोचे दोन घोडे म्हणजे ११००. झाले २००० किलो. ताशी ८० किलोमीटरला या ट्रेलरमध्ये सुमारे ४९४ किलोज्यूल ऊर्जा असते. तो पाच सेकंदांत थांबवायचा तर ब्रेकनी सरासरी ९९ किलोवॉटने ती खायला हवी. म्हणजे सुमारे १३२ अश्वशक्ती! ओढणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजन अजून यात धरलेलंच नाही. आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट.

आता १९७० सालची पहिली रेंज रोव्हर घ्या. मूळ अमेरिकन ब्युइकचं ३.५ लिटरचं व्ही-एट इंजिन, शक्ती सुमारे १३५ अश्वशक्ती. म्हणजे हे एवढं नावाजलेलं इंजिन जेवढं जोर लावून ओढणार, साधारण तेवढाच जोर एकट्या ट्रेलरला घाईत थांबवायला लागणार. घोडेवाल्यांमध्ये ती गाडी लोकप्रिय झाली ती नुसत्या इंजिनामुळे नाही, असं मला वाटतं. स्पेन किंग आणि मंडळींनी तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते, कायम चारचाकी ड्राइव्ह होता आणि पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. त्या काळच्या लँड रोव्हरला अजून ड्रम ब्रेक होते. (२००८ साली हे सगळं घराणं टाटांनी विकत घेतलं. ऑफिसात मी हे अधूनमधून आठवण करून देत असतो!)

अर्थात सगळा भार एकट्या गाडीवर नसतो. ब्रिटनमध्ये ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. गंमत म्हणजे ते बहुतेक यांत्रिकच असतात. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटला जातो, जोडावरचा दांडा आत दाबला जातो, आणि त्याने ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. पण म्हणजे क्रम पाहा. आधी ट्रेलर गाडीला ढकलणार, मग त्याचा ब्रेक लागणार. तो धक्का सोसायला पुढची गाडी वजनदारच हवी. हलकी असली तर ट्रेलर तिला डावीउजवीकडे झुलवायला लागतो. म्हणूनच कॅरव्हॅनवाले नवख्यांना सांगतात, की मागचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. हा कायदा नाही, सल्ला आहे. त्या हिशेबाने आपल्या २००० किलोंना २३५० किलोंची गाडी हवी. आणि इथे तर मागचा माल उभा असतो, घाबरतो, आणि पुढे कधी ब्रेक लागणार हे त्याला दिसत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. १ जानेवारी १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना इथे जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. म्हणजे आमच्या मैत्रिणीला आता कुणी परीक्षक विचारणार नाही. गाडी निवडताना ती जो विचार करेल, तीच परीक्षा.

सोमवारी मी तिला गाडीचं नाव सांगितलंच नाही. फक्त क्रम सांगितला. आधी घोड्यांसकट ट्रेलर वजनकाट्यावर न्यायचा. मग गाडीचं वजन आणि कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा बघायची. मग जोडावर किती भार चालतो ते. मग ब्रेक आणि टायर. एकच घोडा असेल तर तो उजवीकडे उभा करायचा, कारण इथेही आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून आणि रस्ता कडेला उतरता. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर वजन आणि जोर दोन्ही आहेत, पण ट्रेलर लावल्यावर रेंज बरीच घटते, हे धरून चालायचं. हॉर्सपॉवर अगदी शेवटी.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "शुक्रवारी एक गाडी बघून आले होते, जवळजवळ ठरलीच होती. वजन १६०० किलो." आगाऊ पैसे दिले नव्हते हे नशीब. गाडी घेऊन झाल्यावर हा हिशेब करायला बसलो असतो, तर आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते मला तिला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं असतं.

असो. या शनिवारी ती घोडे घेऊन वजनकाट्यावर जाणार आहे. मलाही बोलावलंय. आकडा काय येतो ते कळवतोच!