आधी बांध, मग जोण

हल्ली सुशिक्षितांत एका नव्या शेतीपद्धतीची चर्चा ऐकू येते. काही कुटुंबांनी पेरणीपूर्वीच वर्षाचा खर्च उचलावयाचा, पीक आले म्हणजे वाटा घ्यावयाचा आणि पीक बुडाले तर तोटाही सर्वांनी सोसावयाचा, असा तिचा आशय. जपानात 1970 नंतर ‘तेइकेई’ या नावाने ती रुजली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन येथे 1986 साली असेच शेत उभे राहिले. तेथे शेतकरी सभेपुढे अंदाजपत्रक ठेवतात आणि सभासद आपापल्या ऐपतीप्रमाणे रक्कम कबूल करतात. असा उद्योग करू पाहणाऱ्या गोमंतकीय तरुणांनी हे अवश्य अभ्यासावे. परंतु त्याआधी आपल्या गावकारीचा जमाखर्च पाहावा, असे आम्हांस वाटते.

गावकारी म्हणजे काय, हे खाजणावर उभे राहिले की कळते. भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधाने थोपवून ही शेते काढलेली आहेत. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो आणि मग कोरगूट भात पिकते. बांधाला भगदाड पडले तर मात्र एकाचे नव्हे, सबंध खाजणाचे पीक जाते. असली जमीन एकट्याने कसणे अशक्य. म्हणून ती गावाची.

16 सप्टेंबर 1526 रोजी अफोंसो मेक्सिया याने गावकारीच्या रूढी सनदेत नोंदविल्या. ओसाड बेटावर चार पुरुष येऊन राहिले व त्यांनी ते लागवडीस आणले, अशी कथा तीत प्रारंभीच आहे. वकिलाच्या नजरेला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची तरतूद: नफा होवो वा तोटा, सरकारी कर गावकारांनीच भरावयाचा. शेते लिलावाने खंडास जात. त्या उत्पन्नातून कर, देवालय व ग्रामसेवक, बांधाची दुरुस्ती हे खर्च भागत. उरलेच तर गावकारांची जोण.

पुढे 1560 नंतरच्या दशकात देवळे पाडली गेली. श्रीमंगेश कुशस्थळीहून व श्रीशांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात आली, आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. तथापि गावकारी मोडली नाही. देव नदीपलीकडे गेले, धर्मांतरित गावकार मागे राहिले, आणि तोच बांध तेच हात दरवर्षी बांधीत राहिले. आमच्या देवालयांच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो.

गावकारीचा गौरव करताना एक गोष्ट मात्र झाकू नये. जोण गावकारांच्या पुरुष वंशजांना मिळे. स्त्रियांना नाही, आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या कुळा-मजुरांनाही नाही. म्हणूनच 1964 चा कूळ कायदा आणि कुळास मालक मानणारी 1976 ची दुरुस्ती आम्ही न्याय्यच समजतो. परंतु खंड आटला तशी बांधाची तिजोरीही आटली. 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर बांधाची संयुक्त जबाबदारी टाकली खरी. पण कित्येक ठिकाणी या संघटनांत मानशीवरील मासळीच्या लिलावापुरताच जीव उरला. मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत सोडल्याच्या तक्रारीही होतात. जोण आधी आणि बांध मागाहून, असा क्रम उलटला म्हणजे दुसरे काय होणार?

तेव्हा नव्या मंडळींनी नियमावली करताना वाटणीचे कलम सर्वांत शेवटी लिहावे. बांध, बियाणे, मजुरी यांची तरतूद त्याआधी असावी, आणि तुटीच्या वर्षी कोणी किती भरावयाचे हेही आकड्यानिशी ठरवावे. मजुरांना सभासदत्व द्यावे. जुनी चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. जमीन विकत घेण्याच्या भरीस शहरी सभासदांनी पडू नये. 2023 च्या कायद्याने भातजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यास मनाई आहे, आणि या कामी मालकीची गरजही नाही. कसणाऱ्या कुटुंबांशी पिकाच्या वाट्याचा लेखी करार पुरे. बांधाचे काम पावसापूर्वी उरकावे लागते. म्हणून वर्गणी संवत्सर पाडव्यापर्यंत हाती आलेली असावी.